अशिलाचे खाते

तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायालयाच्या आवारासमोर, मुद्रांक विक्रेते, टंकलेखक आणि झेरॉक्सवाले यांच्या दाटीत, एखाद्या जुन्या इमारतीच्या माडीवरील लहानशा खोलीत ज्याचे कार्यालय आहे, ज्याच्या हाताखाली एक कारकून आणि फार तर एक ज्युनिअर आहे, अशा वकिलाच्या व्यवसायातील पैशाचा विचार आपल्याकडे क्वचितच कोणी गांभीर्याने करतो. उच्च व सर्वोच्च न्यायालयांतील नामांकितांच्या एका दिवसाच्या फीचे आकडे वृत्तपत्रांतून वाचून वकील म्हणजे सधन मनुष्य अशी लोकांची समजूत झालेली असते. परंतु सामान्य माणसाला आयुष्यात एखाद्या वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागलीच, तर त्याची गाठ पडते ती या माडीवरच्या वकिलाशी. त्या खोलीतील जमाखर्च चोख आहे की नाही, यावर वकिलाचा संसार तर अवलंबून असतोच, पण तेथे आपली शिल्लक पुंजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या, विधवेच्या आणि लहान दुकानदाराच्या पैशाची सुरक्षितताही त्यावरच अवलंबून असते. आणि म्हणून हा विषय वकिलांइतकाच त्यांच्या अशिलांनीही समजून घेण्यासारखा आहे.

किराणा दुकानदाराच्या गल्ल्यात पडलेला रुपया त्याचा असतो. त्यातून घाऊक व्यापाऱ्याचे देणे केव्हा फेडावयाचे, हा त्या दोघांमधला व्यवहार. वकिलाच्या हाती आलेल्या रुपयाची स्थिती सर्वस्वी निराळी आहे. त्यातला काही भाग फी म्हणून त्याच्या श्रमाचा मोबदला असतो; काही भाग कोर्ट फी, तलबाना, नकला, कमिशनरचा खर्च यांसाठी अशिलाने त्याच्यापाशी ठेवलेला असतो; आणि कधीकधी तिसऱ्याच प्रकारची रक्कम येते, ती म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीची किंवा तडजोडीत प्रतिपक्षाने दिलेली, जिच्यावर अशिलावाचून कोणाचाच हक्क नसतो. हे तिन्ही प्रकार एकाच खिशात, एकाच कपाटात, एकाच बँकखात्यात जाऊन पडतात आणि नोटांवर तर कोणाचेच नाव लिहिलेले नसते. लहान वकिली कार्यालयाच्या अर्थव्यवहारातील बहुतेक सगळे अनर्थ या एकाच ठिकाणी जन्म घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणच घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातला शेतकरी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा लावण्यासाठी वकिलाकडे आला. एकूण फी ६०,००० रुपये ठरली. दावा दाखल होताना २०,०००, पुराव्याला आरंभ होताना २०,००० आणि युक्तिवादाच्या वेळी २०,०००, असे तिचे तीन हप्ते ठरले. पहिल्याच भेटीत शेतकऱ्याने ४०,००० रुपये पुढे ठेवले. आता त्या दिवसाच्या रोजकीर्दीत कारकुनाने ‘जमा ४०,०००’ अशी एकच ओळ लिहिली, तर घोटाळ्याचे बीज त्याच क्षणी पडले म्हणून समजावे. लिहावयाच्या ओळी दोन आहेत: फीपोटी २०,००० आणि दावाखर्चापोटी २०,०००, आणि शेतकऱ्याच्या हाती द्यावयाच्या पावतीवरही हेच दोन आकडे निरनिराळे दिसले पाहिजेत. पुढे महिनाभरात सातबारा, आठ-अ आणि फेरफारांच्या नकला, कोर्ट फीचा मुद्रांक, समन्साचा तलबाना, टंकलेखन हे सर्व मिळून ८,६०० रुपये खर्च झाले, की ते खतावणीतील त्या शेतकऱ्याच्या पानावर तारीखवार नावे पडतात, त्यांच्या पावत्या दाव्याच्या फाइलला लागतात आणि पानाच्या तळाशी ११,४०० रुपये शिल्लक दिसते. ही शिल्लक वकिलाच्या कपाटात असो वा बँकेत, मालकी शेतकऱ्याची.

आता महिना जूनचा आहे असे समजा. न्यायालयाची उन्हाळी सुटी नुकतीच संपलेली, सुटीत आवक जवळजवळ थांबलेली, खोलीचे भाडे दोन महिन्यांचे थकलेले, कारकुनाचा पगार द्यावयाचा आणि मुलीच्या महाविद्यालयाची प्रवेश फी भरण्याची मुदत तोंडावर आलेली. अशा वेळी ‘शेतकऱ्याचा दुसरा हप्ता येणारच आहे, तोवर ही रक्कम वापरू आणि मग भरून काढू’ हा विचार मनात येण्यास मनुष्य दुष्ट असावा लागत नाही. तो अडचणीत असला म्हणजे पुरे. पुराव्याची तारीख लांबते, हप्ता येत नाही, आणि न्यायालयाने एकाएकी जमिनीच्या मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमून त्याची फी आठ दिवसांत जमा करण्याचा हुकूम दिला, की वकिलाला ती रक्कम दुसऱ्या एखाद्या अशिलाच्या शिलकेतून उचलावी लागते. एकदा या चक्रात सापडलेल्या कार्यालयाला कोणाचे किती देणे आहे, हे पुढे कळेनासे होते.

ही शक्यता ओळखूनच बार कौन्सिल ऑफ इंडियाने व्यावसायिक आचरणाच्या नियमांत या बाबतीत पुरेशी सविस्तर तरतूद केलेली आहे, आणि ती सामान्य वाचकास ठाऊक असावी अशी माझी फार इच्छा आहे. नियम २५ अन्वये अशिलाच्या पैशाचा हिशोब ठेवणे वकिलावर बंधनकारक आहे, व त्यात आलेली रक्कम, झालेला खर्च आणि फीपोटी वळती केलेली रक्कम तारखांसह दिसली पाहिजे. नियम २६ सांगतो की, आलेली रक्कम फीची की खर्चाची याची नोंद झाली पाहिजे आणि प्रकरण चालू असेतोपर्यंत अशिलाच्या लेखी संमतीवाचून खर्चाच्या रकमेतील कोणताही भाग फीकडे वळवता येणार नाही. अशिलाच्या वतीने काही रक्कम हाती आली, तर ते त्याला शक्य तितक्या लवकर कळवावे, असे नियम २७ म्हणतो. आणि नियम ३१ अन्वये हातातील अशिलाच्या पैशाचे कर्जात रूपांतर करण्यास स्पष्ट मनाई आहे. प्रकरण संपल्यावर मात्र शिल्लक राहिलेल्या रकमेतून ठरलेली व येणे असलेली फी वळती करून घेण्याची मुभा नियम २८ देतो. ज्यांना हे नियम जाचक वाटतात त्यांनी असा विचार करावा की, हिशोबाची वही नीट असली तर आरोप झाला असता वकिलाचा पहिला साक्षीदार तीच असते.

इंग्लंडात सॉलिसिटरांना अशिलांचा पैसा स्वतंत्र बँकखात्यात ठेवण्याची सक्ती १९३० च्या दशकातच झाली. आपल्या नियमांत हिशोबाची सक्ती आहे, स्वतंत्र खात्याची सक्ती असे शब्द त्यांत नाहीत. परंतु दुसरे खाते उघडण्यास कोणाचीही आडकाठी नाही, आणि नव्याने सनद घेतलेल्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यातच ते उघडावे. खर्चापोटी आलेला प्रत्येक रुपया या दुसऱ्या खात्यात, फीचा रुपया पहिल्या खात्यात, अशी शिस्त एकदा लागली म्हणजे महिनाअखेरची तपासणी अर्ध्या तासाचे काम होते. खतावणीत ज्या ज्या अशिलाची शिल्लक आहे ती सर्व मिळवावी, आणि दुसऱ्या खात्याच्या पासबुकातील शिलकेशी ताडून पाहावी. बेरीज १,८६,००० रुपयांची आणि पासबुकात १,७१,००० असतील, तर १५,००० रुपये कोणाच्या तरी खर्चाचे दुसरीकडे गेले आहेत, हे त्याच दिवशी उघड होते आणि दुरुस्त करता येते. तीन वर्षांनी ते उघड होणे ही निराळी गोष्ट आहे.

एक अडचण मात्र पुस्तकी नियमांच्या बाहेरची आहे. अशील गरीब असतो, दाव्याची मुदत भरत आलेली असते, आणि मुद्रांकाचे पैसे आणण्यासाठी त्याला गावी परत पाठवले तर मुदत टळते. अशिलास दाव्यासाठी पैसे कर्जाऊ देऊ नयेत असे नियम ३२ सांगतो; पण दावा चालू असताना, पूर्वी तसे काही ठरलेले नसताना, न्यायालयाच्या नियमामुळे वकिलाला अशिलाच्या वतीने रक्कम भरणे भाग पडले तर तो दोषी ठरत नाही, असे स्पष्टीकरणही त्या नियमास जोडलेले आहे. तालुक्याच्या वकिलीत हा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळी दिलेले पाचशे रुपयेसुद्धा त्या अशिलाच्या पानावर येणे म्हणून लिहावेत. जे माफ करावयाचे ते शेवटी माफ म्हणून लिहून माफ करावे. न लिहिलेली उदारता वर्षअखेरीस तोटा म्हणून दिसते आणि तो कोठून आला हेही समजत नाही.

आता फीकडे वळू. वर घेतलेल्या उदाहरणातील ६०,००० रुपये ऐकणाऱ्यास मोठे वाटतात. परंतु वाटणीचा दावा सहा वर्षे चालला, आणि तो तितका चालणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही, तर त्या एका दाव्याचे वकिलास वर्षाकाठी १०,००० रुपये पडले. दुसऱ्या बाजूस खोलीचे भाडे ६,०००, कारकुनाचा पगार ९,०००, वीज, टेलिफोन, कागद व झेरॉक्स ३,०००, आणि कायद्याची नियतकालिके किंवा निवाड्यांच्या संगणकीय सेवेची वर्गणी २,००० असा अगदी बेताचा खर्च धरला, तरी महिन्याचे २०,००० आणि वर्षाचे २,४०,००० रुपये होतात. म्हणजे अशा चोवीस दाव्यांची फी नुसते कार्यालयाचे दार उघडे ठेवण्यात जाते. घरखर्चाचा पहिला रुपया पंचविसाव्या दाव्यातून यावयाचा. हे गणित ज्याने कागदावर मांडलेले नाही, तो वकील समोरच्याचा चेहरा पाहून फी सांगतो, शेजारच्या कार्यालयात कमी सांगितल्याचे ऐकून ती उतरवतो, आणि पुढे प्रत्येक तारखेला थोडेथोडे मागत राहून स्वतःची व अशिलाची, दोघांचीही मानहानी करून घेतो. एकूण फी, तिचे टप्पे, खर्च फीत धरलेला आहे की वेगळा, अपील झाल्यास काय, एवढ्या चार गोष्टी अर्ध्या पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. १९२६ चा वकिलांच्या फीविषयीचा कायदा अशा खासगी कराराला मान्यता देतो आणि त्याआधारे फीचा दावा लावण्याचा अधिकारही देतो.

या अर्ध्या पानावर एक गोष्ट मात्र कदापि लिहिता येत नाही, ती म्हणजे टक्केवारी. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत भागी ठेवणे नियम २० ने निषिद्ध आहे. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत आणि भूसंपादनाच्या मोबदल्यात ही प्रथा गुपचूप चालते, हे कोर्टात वावरणाऱ्या कोणाही माणसास विचारावे. अपघाती नुकसानभरपाईच्या अशाच एका प्रकरणात वकिलाने टक्केवारीने फी मागून पक्षकाराकडून चेक घेतला आणि तो न वटल्यावर फौजदारी केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि निकालाच्या रकमेत हिस्सा मागणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे बजावले. ज्या घरातला कर्ता पुरुष रस्त्यावर गेला, त्या घराच्या भरपाईत वाटा मागणे कायद्याने अयोग्य आहेच, पण मनुष्यपणालाही शोभणारे नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात फीच्या वसुलीचे ऋतूही ठरलेले असतात. ऊसपट्ट्यात कारखान्याचे बिल जमा झाले की, विदर्भात कापूस आणि मराठवाड्यात सोयाबीन विकले गेले की, थकलेली फी येते. पावसाने ओढ दिली की तीच पुढच्या वर्षावर जाते. मे महिन्यात आणि दिवाळीत न्यायालये बंद, आणि भाडे व पगार मात्र बाराही महिने. ज्या कार्यालयाने चांगल्या महिन्यांतील आवकेचा ठरावीक हिस्सा बाजूला काढून निदान तीन महिन्यांचा खर्च शिलकेस ठेवला आहे, त्याच्यावर अशिलाच्या पैशाकडे पाहण्याची वेळ सहसा येत नाही. नियम पाळण्याची इच्छा आणि नियम पाळण्याचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ते सामर्थ्य या राखीव शिलकेतून येते.

वकिलीस हिशोबाचे वावडे असते असे मानणाऱ्यांनी महात्मा गांधींची प्रिटोरियातील हकीकत आठवावी. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा दावा सारा हिशोबाच्या गुंतागुंतीचा आणि बॅरिस्टर साहेबांना जमाखर्चाचे ज्ञान नाही, अशी स्थिती होती. त्यांनी नामेपद्धतीचे पुस्तक विकत आणून तिचा अभ्यास केला आणि मगच त्या कागदपत्रांत हात घातला. त्याआधी मुंबईच्या लघुवाद न्यायालयातील त्यांचा पहिला खटला तीस रुपये फीचा होता, आणि तो आणून देणाऱ्या दलालास कमिशन द्यावयास त्यांनी साफ नकार दिला होता, ही गोष्ट त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. आरंभीच्या वर्षांत तिच्या प्राप्तीवर भागेना, म्हणून १९२५ पासून काही वर्षे ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. एवढ्या विद्वत्तेच्या पुरुषासही पहिल्या वर्षांत जोडप्राप्ती शोधावी लागली, हे आज सनद घेऊन बाररूममध्ये बसलेल्या आणि दोन वर्षांत गाडी घेता आली नाही म्हणून खंतावणाऱ्या तरुणास सांगितले पाहिजे.

त्या तरुणाचा प्रश्न वेगळ्या अर्थानेही हिशोबाचाच आहे. ज्युनिअरला ‘शिकायला मिळते आहे’ म्हणून वर्षानुवर्षे रिक्त हस्ते राबवून घेण्याची जी रीत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. तालुक्याच्या सर्वच कार्यालयांस ते आज झेपेल असे नाही. पण ज्या सीनिअरच्या खर्चाच्या कागदावर ज्युनिअरची ओळच नाही, त्याला ते कधीच झेपणार नाही.

करांच्या बाबतीत लहान वकिलास शासनाने बरीच सवलत दिलेली आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४ एडीए ने आलेल्या आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही राहिलेल्या अनुमानित पद्धतीप्रमाणे वर्षाची ढोबळ प्राप्ती ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाखांपर्यंत असेल, तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि आयकरापुरते तपशीलवार हिशोब ठेवावे लागत नाहीत. नेमकी येथेच अनेकांची गल्लत होते. ‘हिशोब ठेवायला नको’ हे आयकराचे म्हणणे आहे. बार कौन्सिलच्या नियम २५ ने वकिलास असली कोणतीही सूट दिलेली नाही. शिवाय खर्चापोटी आलेल्या रकमा फीत मिसळून गेल्या असतील, तर त्या प्राप्ती नव्हेत हे सिद्ध करावयाचे कशाने? वरच्या उदाहरणातील शेतकऱ्याचे खर्चाचे २०,००० रुपयेही मग वकिलाची कमाई म्हणून मोजले जाण्याचा धोका राहतो, आणि जो पैसा कोर्टाच्या तिजोरीत गेला त्यावर कर भरण्याची पाळी येते. वस्तू व सेवा कराची चिंता मात्र बहुधा नको, कारण व्यक्तिगत अशिलास दिलेली वकिली सेवा करमुक्त आहे आणि व्यावसायिक अशील करपात्र असल्यास तो कर अशिलानेच उलट भरावयाचा असतो.

फी बुडाली तर काय करावे, हा शेवटचा आणि कटू प्रश्न. फाइल अडवून ठेवण्याचा मार्ग कायद्याने बंद केलेला आहे. एका सहकारी बँकेचे कागद तिच्या वकिलाने फीच्या थकबाकीसाठी अडवले असता सर्वोच्च न्यायालयाने २००० साली असा निर्णय दिला की, न वसूल झालेल्या फीपोटी अशिलाच्या कागदपत्रांवर वकिलाचा कोणताही ताबाहक्क पोहोचत नाही. फीसाठी त्याने स्वतंत्रपणे कायदेशीर इलाज करावा. अशील दुसऱ्या वकिलाकडे जाऊ इच्छितो, तर त्याची फाइल त्याला मिळाली पाहिजे. ज्या कार्यालयात फीचा लेखी करार आणि अशिलाचे पान दोन्ही तयार आहेत, त्याला हा निर्णय मुळीच अडचणीचा नाही.

वाचकांपैकी ज्यांचे एखादे प्रकरण आज कोणत्या ना कोणत्या न्यायालयात पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या तारखेला जाल तेव्हा वकीलसाहेबांना आदराने विचारा की फी किती ठरली, खर्चापोटी किती दिले आणि त्यातून किती उरले. पैसे द्याल तेव्हा फी व खर्च वेगळे दाखवणारी पावती घ्या, आणि शक्य तेथे रोखीऐवजी बँकेमार्फत द्या. यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. ज्यांना फी झेपत नाही, त्यांच्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि बार कौन्सिलच्या नियम ३० अन्वये आपल्या खात्याची नक्कल मागण्याचा हक्क प्रत्येक अशिलाला आहे. नकलेचा खर्च भरला की ती देणे वकिलावर बंधनकारक आहे.